दुभत्या जनावरांचे हार्मोन इंजेक्शन : मानवी आरोग्य, कायदा आणि सरकारी देखरेख

गायी-म्हशींनी लवकर पान्हा सोडावा म्हणून दिले जाणारे ऑक्सिटोसिन हे हार्मोन भारतात अनेक वर्षे वादाचा विषय ठरले आहे. या इंजेक्शनामुळे दूध पिणाऱ्या माणसांना, विशेषतः लहान मुलांना अपाय होतो, अशी भीती सर्वत्र व्यक्त होते. मात्र हेच औषध बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यासाठी अत्यावश्यक मानले जाते. त्यामुळे त्यावर नियंत्रण ठेवताना दूध पिणारा ग्राहक, दूध देणारे जनावर आणि रुग्णालयातील माता या तिघांच्या हिताचा मेळ सरकारला घालावा लागतो. तो कसा घातला गेला आणि कोठे अपुरा पडला, याचा हा आढावा.

भोसले घाटावरील दूध

वाराणसीतील भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. काशीच्या घाटांवर मराठी राजघराण्यांनी जी बांधकामे केली त्यांपैकी हे एक प्रमुख बांधकाम होय. येथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर प्रसिद्ध आहे. पायऱ्या चढून वर गेले की जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या जवळच्याच परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

या गल्ल्यांचे दैनंदिन जीवन दुधाभोवती फिरते. सकाळचा रतीब, शिवलिंगावरील अभिषेक, दुकानांतील लस्सी व रबडी आणि हिवाळ्यात दुधाच्या फेसापासून बनणारा मलइयो ही त्याची काही रूपे. शहराला लागणारे बरेचसे दूध भोवतालच्या गावांतून येते. घाटावर राहणाऱ्या गृहिणीला लॅक्टोमीटर लावून दुधात पाणी घातले आहे का, याचा अंदाज घेता येतो. परंतु धार काढण्यापूर्वी जनावराला इंजेक्शन दिले होते का, हे रंगावरून, चवीवरून किंवा घरगुती चाचणीवरून ओळखता येत नाही. जे ग्राहकाला तपासता येत नाही ते त्याच्या वतीने शासनाने तपासावे, ही अपेक्षा येथूनच निर्माण होते.

हा प्रश्न एका शहरापुरता नाही. २०२३-२४ मध्ये भारताचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते आणि राज्यांमध्ये उत्तर प्रदेश आघाडीवर होता. या दुधाचा मोठा भाग सहकारी संघ किंवा मोठ्या डेअऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. तो घरीच वापरला जातो किंवा गवळ्याकडून थेट ग्राहकाकडे जातो. तपासणीच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत अवघड ठरतो.

पान्हा कसा फुटतो

कासेत तयार झालेले दूध आपोआप सडांतून बाहेर येत नाही. त्याचा बराचसा भाग कासेतील अतिसूक्ष्म पिशव्यांत साठलेला असतो. वासरू ढुसण्या देऊ लागले, सड चोखू लागले किंवा धार काढणाऱ्याचा परिचित हात कासेला लागला की तो संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सोडले जाते. कासेतील पिशव्यांभोवतीच्या पेशी त्यामुळे आकुंचन पावतात आणि दूध खाली उतरते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. जनावर घाबरले, त्याला मारहाण झाली किंवा धार काढणारा माणूस बदलला तर ही क्रिया अडते आणि जनावर पान्हा चोरते.

म्हशीच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. गायीच्या तुलनेत म्हशीच्या सडांवरील पोकळीत फारच थोडे दूध उतरलेले असते. बहुतेक दूध वरच्या पिशव्यांतच राहते. त्यामुळे पान्हा फुटल्याशिवाय म्हशीचे दूध जवळजवळ मिळतच नाही.

ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिनसदृश हार्मोन आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. या कार्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कृत्रिम ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात पान्हा फुटतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे इंजेक्शन मुख्यतः कासेत आधीच साठलेले दूध बाहेर काढते. चारा, आंबोण आणि जनावराची जात यांवर अवलंबून असलेली दूध तयार करण्याची मूळ क्षमता त्याने बदलत नाही.

‘फूका’पासून कुपीपर्यंत

पान्हा चोरणाऱ्या जनावराकडून बळजबरीने दूध काढण्याची रीत या इंजेक्शनाच्या कितीतरी आधीची आहे. जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकण्याच्या किंवा एखादा पदार्थ घालण्याच्या क्रूर पद्धतीला ‘फूका’ किंवा ‘दूम देव’ असे म्हटले जाई. या मार्गाला उत्तेजना मिळाली की शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, हे त्यामागील शास्त्र पुढे स्पष्ट झाले. कलकत्त्यातील गवळीवाड्यांत चालणाऱ्या या प्रकाराची माहिती कळल्यावर महात्मा गांधींच्या मनात दुधाविषयी तिटकारा निर्माण झाला. त्यांनी दूध वर्ज्य केले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या मोहिमेनंतर ते गंभीर आजारी पडले. त्या दुखण्यात कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली.

शहरी तबेल्यांमुळे ही समस्या अधिक तीव्र झाली. मुंबईतील तबेल्यांत दुभत्या म्हशी आणल्या जात, परंतु तेथील जागा आणि दूध दोन्ही महाग असल्याने रेडकू सांभाळणे मालकाला परवडत नसे. रेडकांची उपासमार होई. आटलेल्या म्हशी अनेकदा कत्तलखान्यात जात. शहरातील म्हशी बाहेर हलवून दुधाचा पुरवठा सुधारण्यासाठी १९४९ मध्ये आरे दूध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांचे नाव या योजनेशी जोडले गेले आहे. मुंबईच्या तबेल्यांत काम करणारे अनेक जण वाराणसी, जौनपूर अशा पूर्व उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांतून आलेले असत. त्यामुळे काशीचा हा प्रश्न आणि मुंबईचा प्रश्न एकमेकांपासून फार दूर नाहीत.

वासरू नसलेल्या जनावराने पान्हा कसा सोडावा, या अडचणीवर स्वस्त इंजेक्शन हे सोपे उत्तर ठरले. लेबल नसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून विनापरवाना द्रव विकला जाऊ लागला. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय, पेंड व पशुखाद्याच्या दुकानांतून किंवा फिरत्या विक्रेत्यांकडून तो मिळू लागला. एकच सुई अनेक जनावरांना टोचली जाण्याचे प्रकारही दिसू लागले.

पशुवैद्यकात या औषधाला योग्य स्थान आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. व्याल्यानंतर वार न पडणे, कासदाहात साचलेले दूध काढून टाकणे किंवा पहिलारू जनावराला पान्हा न फुटणे अशा प्रसंगी पशुवैद्यक ते देतात. आक्षेप आहे तो दररोज, दोन्ही वेळच्या धारेपूर्वी, वैद्यकीय कारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाला.

दूध पिणाऱ्याला अपाय होतो का

मुली लवकर वयात येतात, मुलांमध्ये हार्मोनचा असमतोल होतो, गर्भपात होतात, असे अनेक परिणाम या दुधाशी जोडले जातात. ही भीती प्रामाणिक असली तरी तिला मिळणारा शास्त्रीय आधार फारच दुर्बळ आहे. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्मे होते. इंजेक्शनातील औषध जनावराच्या रक्तातून झपाट्याने नाहीसे होते. दुसरे कारण पचनाशी संबंधित आहे. ऑक्सिटोसिन प्रथिनसदृश असल्याने जठर व आतड्यातील पाचक रस त्याचे तुकडे करतात. रुग्णालयातही ते गोळी म्हणून गिळायला न देता इंजेक्शनाने देतात, त्यामागे हेच कारण आहे. तिसरे म्हणजे ते लैंगिक हार्मोन नाही. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे मुली लवकर वयात येण्याचा दोष ऑक्सिटोसिनवर टाकताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते.

भारतातही याची तपासणी झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी दुधातील ऑक्सिटोसिनचे प्रमाण आणि त्याचे शोषण यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. इंजेक्शन दिलेल्या जनावरांच्या दुधात त्याचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले नाही आणि तोंडावाटे घेतलेले ऑक्सिटोसिन शरीरात शोषले जात नाही, असा त्याचा आशय होता. दुधातून माणसाला अपाय होण्याची शक्यता या अभ्यासाने फेटाळली. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमावलीतही दूध देणाऱ्या प्राण्यांसाठी ऑक्सिटोसिनच्या अवशेषांची कमाल मर्यादा ठरविण्याची गरज नाही, असे नमूद आहे.

याचा अर्थ तबेल्यातील बाटली निर्धोक आहे, असा होत नाही. वरील निष्कर्ष शुद्ध ऑक्सिटोसिनपुरते आहेत. विनापरवाना बाटलीत नेमके काय आहे, द्रव निर्जंतुक आहे का, त्यात इतर कोणते पदार्थ मिसळले आहेत, याची हमी कोणीच देत नाही. कासदाह झाला तर त्यावर प्रतिजैविके दिली जातात आणि त्यांचे अवशेष दुधात उतरू शकतात. हा धोका शास्त्रीयदृष्ट्या अधिक खरा आहे.

आणखी एका धोक्याची चर्चा क्वचितच होते. गोठ्यातील कामाचा मोठा वाटा स्त्रिया उचलतात. ऑक्सिटोसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. गर्भवती स्त्रीला चुकून सुई टोचली गेल्यास तिला अपाय होऊ शकतो. म्हणूनच हे औषध हाताळताना गर्भवतींनी विशेष काळजी घ्यावी, अशी सूचना पशुवैद्यकीय औषधांवर दिली जाते. लेबल नसलेल्या बाटलीवर अशी सूचना अर्थातच नसते.

खरी किंमत जनावराला

सर्वांत ठळक हानी होते ती जनावराची. वारंवार बाहेरून हार्मोन मिळू लागले की कासेचा नैसर्गिक प्रतिसाद मंदावतो. रुपर्ट ब्रुकमायर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दीर्घकाळ ऑक्सिटोसिन दिलेल्या गायींचा पान्हा इंजेक्शन थांबविल्यावर कमी झाल्याचे दिसून आले. गोठ्याच्या भाषेत सांगायचे तर जनावराला ‘इंजेक्शनची सवय लागते’. मग ते इंजेक्शनाशिवाय दूध देत नाही आणि मालकाची बाटलीतून सुटका होत नाही.

गर्भाशयाचे वारंवार होणारे आकुंचन, रोजच्या टोचण्याची वेदना, अस्वच्छ सुईमुळे होणारे गळू व संसर्ग हे त्याचे इतर परिणाम. शिवाय इंजेक्शनामुळे वासरू जगविण्याची आर्थिक गरजच उरत नाही. पूर्वी पान्ह्यासाठी का होईना, वासराला दोन घोट मिळत. कुपीने वासराची तीही जागा घेतली.

कायद्याची चौकट

या विषयावर तीन स्वतंत्र कायदे लागू होतात. त्यांची उद्दिष्टे निरनिराळी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणारी खातीही वेगळी आहेत.

पहिला, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम १२ नुसार दूध वाढविण्यासाठी दुभत्या जनावरावर फूका, दूम देव किंवा आरोग्यास अपायकारक अशी अन्य कोणतीही क्रिया करणे हा गुन्हा आहे. कोणताही पदार्थ टोचणे ही क्रियाही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही आणि जनावर सरकारजमा, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे.

दुसरा, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. ऑक्सिटोसिन हे ‘एच’ परिशिष्टातील औषध असल्याने ते नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्येक इंजेक्शन स्वतंत्र वेष्टनात बंद असावे, असेही बंधन घालण्यात आले. मोठ्या बाटलीतून होणारी विक्री त्यामुळे ओळखता यावी, हा हेतू होता. १७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने आणखी दोन अटी लागू झाल्या. कच्चे औषध केवळ परवानाधारक इंजेक्शन-उत्पादकांनाच पुरवावे आणि पशुवैद्यकीय इंजेक्शने केवळ पशुवैद्यकीय रुग्णालयांनाच विकावीत, अशा त्या अटी होत्या. परवान्याशिवाय औषध बनविणाऱ्यास या कायद्याखाली किमान तीन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

तिसरा, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. कलम २१ नुसार खाद्यपदार्थात पशुवैद्यकीय औषधांचे व प्रतिजैविकांचे अवशेष ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असू नयेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण या मर्यादा निश्चित करते. प्रत्यक्ष नमुने घेण्याचे काम मुख्यतः राज्यांच्या यंत्रणा करतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे, तर उत्तर प्रदेशात तेथील खाद्य सुरक्षा व औषध प्रशासनाकडे आहे.

प्राधिकरणाने २०१८ मध्ये दुधाचे देशव्यापी सर्वेक्षण केले. १,१०३ शहरे व गावांतून ६,४३२ नमुने घेण्यात आले. अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाला. सर्वेक्षणाचा भर भेसळीचे पदार्थ, प्रतिजैविके, कीटकनाशके आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष यांवर होता. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ होते. त्याउलट ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते. लोकांच्या मनातील भीती आणि प्रयोगशाळेत आढळणारा धोका यांत किती अंतर असते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. अफ्लाटॉक्सिन दुधात येते ते बुरशी लागलेल्या चाऱ्यातून व पेंडीतून.

२०१८ ची बंदी आणि न्यायालय

ऑक्सिटोसिनच्या गैरवापराबाबत हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. या औषधाचे उत्पादन केवळ सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित ठेवता येईल का, याचा विचार करावा, असे न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये सांगितले. त्यानंतर केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये दोन पावले उचलली. ऑक्सिटोसिनच्या आयातीवर बंदी घालण्यात आली. २७ एप्रिलच्या अधिसूचनेद्वारे देशांतर्गत वापरासाठी ते बनविण्यास खासगी कंपन्यांना मनाई करण्यात आली. बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीनेच देशभर पुरवठा करावा, अशी योजना होती. १ जुलै ही मूळ तारीख पुढे ढकलून १ सप्टेंबर २०१८ करण्यात आली.

या निर्णयाने प्रसूतितज्ज्ञांमध्ये चिंता पसरली. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो टाळण्यासाठी प्रत्येक प्रसूतीनंतर १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. एकाच कारखान्यातून संपूर्ण देशाला पुरवठा करताना खंड पडला, तर त्याची किंमत गावोगावच्या प्रसूतिगृहांत मोजावी लागली असती.

औषधनिर्मात्या कंपन्या आणि ‘ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क’ ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे बंदी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, तिला स्थगिती दिली. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती ए. के. चावला यांच्या खंडपीठाने ती रद्द ठरविली. बंदीला शास्त्रीय आधार नाही, ती मनमानी आहे आणि औषधाची टंचाई झाल्यास मातांवर काय परिणाम होईल याचा विचार झालेला नाही, असा निकालाचा मुख्य रोख होता. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपविले.

या प्रकरणातून एक महत्त्वाची बाब पुढे आली. तबेल्यात पोहोचणारी बाटली परवानाधारक कारखान्यातून येते, याचा पुरेसा पुरावा नव्हता. ती प्रामुख्याने चोरट्या बाजारातील होती. परवानाधारकांवर बंदी घातल्याने चोरटा बाजार आपोआप बंद होत नाही. रुग्णालयाचा पुरवठा मात्र अडचणीत येऊ शकतो.

तबेल्यांकडे थेट लक्ष देण्याचा मार्ग न्यायालयानेच पुढे दाखविला. दिल्लीतील डेअरी वसाहतींच्या दुरवस्थेवरील याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, ऑक्सिटोसिन टोचणे ही प्राण्यांवरील क्रूरता असून तो कलम १२ खालील दखलपात्र गुन्हा आहे, असे स्पष्ट केले. औषध नियंत्रण विभागाने दर आठवड्याला तपासणी करून गुन्हे नोंदवावेत, असा आदेश देण्यात आला. पोलिसांनी बनावट औषधाच्या उगमापर्यंत शोध घ्यावा, असेही सांगण्यात आले.

परदेशातील दाखला

दुभत्या जनावरांच्या हार्मोनबाबत पाश्चात्त्य देशांतील वाद मुख्यतः दुसऱ्या एका हार्मोनविषयी झाला. गायीचे वाढ-हार्मोन जैवतंत्रज्ञानाने तयार करून ते दूध वाढविण्यासाठी टोचले जाते. त्याला ‘बीएसटी’ म्हणतात. ऑक्सिटोसिनपेक्षा त्याचे कार्य वेगळे आहे. ते खरोखरच दूधनिर्मिती वाढवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोन्सँटो कंपनीच्या या औषधाला नोव्हेंबर १९९३ मध्ये मंजुरी दिली. हे हार्मोन माणसाच्या पोटात पचते आणि मानवी शरीरात ते परिणाम करत नाही, असा त्या प्रशासनाचा निष्कर्ष होता.

कॅनडाने मात्र जानेवारी १९९९ मध्ये त्याला परवानगी नाकारली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००० पासून त्याच्या वापरावर कायमची बंदी घातली. विशेष म्हणजे या दोन्ही निर्णयांचा मुख्य आधार जनावरांचे आरोग्य हा होता. कासदाह, लंगडेपणा आणि प्रजननातील अडचणी वाढतात, हे कारण देण्यात आले. एखाद्या औषधाने माणसाला अपाय होत असल्याचे सिद्ध झाले नाही, तरी जनावराच्या यातनांसाठी ते नाकारता येते, हा त्यातील धडा. भारताच्या कलम १२ मध्येही तेच तत्त्व १९६० पासून आहे. उणीव अंमलबजावणीची आहे.

देखरेख कोठे कमी पडते

औषध निरीक्षक दुकान तपासतो, पण गोठा साधारणतः त्याच्या नेहमीच्या फेरीत येत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी दुधाचा नमुना घेतो, पण ऑक्सिटोसिन दुधात टिकत नसल्याने नमुन्यावरून इंजेक्शन सिद्ध करणे कठीण असते. पशुवैद्यकीय अधिकारी गोठ्यात जातो, पण गुन्हा नोंदविणे हे त्याचे काम समजले जात नाही. पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो, पण जप्त केलेल्या बाटलीतील द्रवाची चाचणी औषध प्रयोगशाळेतच होते. याचा अर्थ असा की इंजेक्शनाचा पुरावा दुधात सापडण्यापेक्षा गोठ्यातील बाटली, सुई आणि विक्रेत्याच्या साखळीत सापडण्याची शक्यता अधिक आहे. चारही खात्यांनी एकत्र तपासणी केल्याशिवाय ही साखळी तुटणे अवघड आहे. दंडाची एक हजार रुपयांची मर्यादाही आजच्या दुधाच्या व्यवसायात नाममात्र वाटते.

दुसरा उपाय बाजाराच्या रचनेत आहे. दूध संकलन केंद्रावर चाचणी होऊन फॅट व गुणवत्तेनुसार भाव मिळू लागला की अवशेषांची तपासणी सुलभ होते. वाराणसीजवळ करखियांव येथे ‘बनास काशी संकुल’ हा मोठा दूधप्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांमुळे गावातील दुधाचा काही भाग संघटित तपासणीच्या कक्षेत येतो. मात्र गल्लीत थेट येणाऱ्या रतिबाच्या दुधाला ती कक्षा लागू होत नाही.

पशुपालक आणि ग्राहक काय करू शकतात

इंजेक्शनाला पर्याय जुनेच आहेत. धारेची वेळ आणि माणूस शक्यतो बदलू नये. धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुवून हळुवार कुरवाळावी. त्या वेळी जनावराला आंबोण द्यावे. वासरू किंवा रेडकू जवळ ठेवावे आणि त्याला त्याचा वाटा मिळू द्यावा. गोठ्यात आरडाओरडा व मारहाण टाळावी. सवय लागलेल्या जनावराचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने बंद करावे. काही दिवस दूध कमी मिळते, हे आधीच गृहीत धरावे.

ग्राहकाने ऑक्सिटोसिनच्या भीतीने मुलांचे दूध बंद करण्याचे कारण नाही. दूध उकळून प्यावे. शक्य असेल तेथे ज्याचा गोठा पाहता येतो अशा गवळ्याकडून किंवा तपासणी होणाऱ्या केंद्रातून ते घ्यावे. लेबल नसलेल्या बाटल्या, दोन धारांपूर्वी नियमित टोचणी आणि वासरे नसलेला गोठा दिसल्यास जिल्ह्याच्या औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करता येते. त्यासाठी दुधात दोष सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. अपायकारक इंजेक्शन टोचणे हाच कायद्याने गुन्हा आहे.

भोसले घाटावरील रतिबाच्या दुधाविषयी विचारला जाणारा प्रश्न बहुधा ‘हे दूध मुलांना द्यावे का’ असा असतो. उपलब्ध शास्त्रीय माहितीनुसार ऑक्सिटोसिनपुरते त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. मात्र हे दूध ज्या गायी-म्हशींचे आहे त्यांच्याबाबत आणि ज्या मातांना हे औषध वेळेवर मिळाले पाहिजे त्यांच्याबाबत असा दिलासा देता येत नाही. सरकारी देखरेखीची कसोटी या दोन ठिकाणी लागणार आहे.